गुरुवारच्या सह्या

बुधवारी विद्यापीठाकडून एक संशोधक मुलगी आली आणि बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रश्नावली वाटून गेली. भौतिकशास्त्र शिकण्याबद्दल मुलामुलींना काय वाटतं, असा तिचा विषय. तीस विधानं होती. प्रत्येकासमोर पाच चौकोन, त्यांतल्या एकात खूण करायची. ती मुलगी गडचिरोलीची बस पकडायला घाईनं निघाली आणि जाताना माधवी मॅडमना म्हणाली, "कागद तुम्ही गोळा करून ठेवा, मॅडम. सोमवारी कोणालातरी पाठवते."

माधवी मॅडम मूलच्या त्या कॉलेजात चौदा वर्षांपासून तासिका तत्त्वावर शिकवत होत्या. दर जुलैत त्याच नोकरीची मुलाखत, तीच फाईल, तेच तीन चेहरे समोर. त्यामुळे गोळा करणं, रचणं, ठेवणं या कामांचा त्यांना आता राग येत नसे. त्या कागद टाचत बसल्या. नजर सहज फिरत होती. मुलांनी भराभर खुणा केल्या होत्या. मुलींनी स्केल लावून केल्यासारख्या, चौकोनाच्या बरोबर मध्ये.

एका कागदावर त्यांचा हात थांबला. सतरावं विधान होतं, 'मला प्रयोग करायला आवडते.' पाचही चौकोन रिकामे, आणि खाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं, 'करून पाहिला नाही म्हणून सांगता येत नाही.'

नाव लिहायचं नव्हतं. पण ते अक्षर माधवीनं दीड वर्ष तपासलं होतं. पुनमचं होतं. वर्गातलं सगळ्यांत सुंदर अक्षर.

*

दुसऱ्या दिवशी गुरुवार. मार्गशीर्षातला तिसरा. माधवी पहाटे उठली, घट मांडला, पाच पत्री लावल्या, तुळशीला पाणी घातलं आणि उपाशीपोटी कॉलेजात आली. गुरुवारी ती एकदाच जेवायची, तेही दिवा लागल्यावर. एकोणीस वर्षांपूर्वी सासूबाईंनी हे व्रत तिच्या ओटीत घातलं होतं. सोबत एक नेमही होता. गुरुवारी खोटं बोलायचं नाही, खोट्याला मान डोलवायची नाही, खोट्यावर हात ठेवायचा नाही.

कॉलेजात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. प्रयोगशाळेतले देवरावभाऊ तर गुरुवारी सहीचा एकही कागद तिच्यासमोर आणत नसत. हजेरीपत्रक असो की सामान मिळाल्याची पावती, "राहू द्या, उद्या करजा," म्हणत परस्पर कपाटात ठेवून देत. माधवीनं कधी विचारलं नाही की काऊन. इतकी वर्षं दोघांनी मिळून गुरुवार असा अलगद सांभाळला होता आणि उरलेले सहा दिवस जसे चालतात तसे चालू दिले होते.

आज मात्र देवरावभाऊ दारात घुटमळत उभे होते. दोन्ही हातांत प्रयोगवह्यांचा गठ्ठा, हनुवटीपर्यंत.

"मॅडम, माहा इलाज नाई," ते म्हणाले. "बाहेरचे परीक्षक सोमवारी येनार होते, ते उद्या सकाळीच येऊन राह्यले. सर म्हनाले, आजच्या आज सह्या पायजे."

"ठेवा, भाऊ."

"तुमचा गुरुवार..."

"ठेवा."

एकवीस वह्या होत्या. मुलगे चौदा, मुली सात. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर छापील प्रमाणपत्र. अमुक विद्यार्थ्याने वर्षभरात दहा प्रयोग स्वतः केले आहेत, खाली प्राध्यापकाची सही. माधवीनं आजवर अशा शेकडो सह्या केल्या होत्या. सगळ्या शुक्रवारच्या, नाहीतर सोमवारच्या.

तिनं पुनमची वही ओढली. आकृत्या अशा की पुस्तकात छापाव्यात. त्रिकोणी लोलक, त्यातून वळणारा किरण, तो किरण पाहायच्या दुर्बिणीचा प्रत्येक स्क्रू नावासकट. निरीक्षणाचे तक्ते लाल-निळ्या शाईत. उत्तर, म्हणजे काचेचा अपवर्तनांक, एक पॉइंट बावन्न, त्याखाली दुहेरी रेघ. माधवीनं वही मिटली. डोकं उपासानं आधीच ठणकत होतं.

"भाऊ, त्या पुनमला बोलवा जरा."

पुनम आली ती ओढणीला हात पुसत. मुखरूभाऊ म्हणून मूलजवळच्या खेड्यातले धानाचे शेतकरी, त्यांची ही मुलगी. बांध्यांतली कापणी आटपली होती, आता पेंड्या बांधून त्यांची पुंजनं, म्हणजे गंज्या, रचणं चाललं होतं. पहाटे ते करून ती आठची बस धरायची. बोटांवर धानाच्या पात्यांनी काढलेल्या बारीक रेघा होत्या.

"बस," माधवी म्हणाली. "काल तू त्या कागदावर काय लिहिलंस?"

पुनम एकदम उठली. "चुकलं, मॅडम. खोडून टाकू का?"

"चुकलं असं कुठं म्हटलं मी? बस. खरं सांग, दहामधले किती प्रयोग तू केले?"

"सगळे लिहिले, मॅडम."

"केले किती?"

पुनमनं आपल्या नखांकडे पाहिलं. "एक पन नाई. गटात दोन पोट्टे, एक मी. प्रफुल लावते, गुलाब पाहते, मी लिहिते. पयल्या वर्षापासून तसंच आहे. ते आकडे सांगतेत, मी तक्त्यात भरते. उत्तर नाई आलं तर प्रफुल म्हनते, दोन अंश सरकव. मंग मी सरकवते."

"तुला कधी वाटलं नाही, आपण पाहावं?"

"वाटलं नं. मागच्या वर्षी एकदा हात लावला होता. प्रफुल म्हनला, आता आमी अर्धा तास लावला, तू हलवलं तर सारं जाईन. खरंच गेलं असतं, मॅडम. मले येत कुठी होतं?"

ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. पाणी आलं नाही, बस आली नाही, तसं सांगत होती.

"मुख्य विषयाचा अर्ज भरला का?" माधवीनं विचारलं. पुढच्या सत्रापासून कोणता विषय मुख्य, हे शनिवारी पाच वाजेपर्यंत कार्यालयात द्यायचं होतं.

"केमिस्ट्री लिहून राह्यली. आमी साऱ्या जनी तेच लिहून राह्यलो. रीना म्हनते, तिथी प्रत्येकीले आपापली बुरेट भेटते." पुनम थांबली. "मले फिजिक्स कठीन नाई जात, मॅडम. गनितं येतेत. पन जे पाह्यलंच नाई ते आवडते म्हनून कसं लिहू?"

पुनम गेल्यावर माधवी भिंतीवरच्या तक्त्यासमोर जाऊन उभी राहिली. सात टेबलं, सात गट, प्रत्येक गटात दोन मुलं, एक मुलगी. हा तक्ता कोणा पुरुषानं केला नव्हता. तिनंच केला होता, पहिल्या वर्षी, स्वतःच्या हातानं. नागपूरला एम.एस्सी. करताना चौघी मुलींना मिळून कोपऱ्यातलं एक टेबल दिलं होतं, त्यावरच्या दुर्बिणीला स्क्रूच नव्हता. तेव्हाच तिनं ठरवलं होतं, आपल्या हाताखालच्या मुलींना कोपरा द्यायचा नाही. एकेक मुलगी एकेका चांगल्या टेबलावर. आणि मुलांनाही ते आवडलं. वह्या नीट होऊ लागल्या. मुलींना लेखी-तोंडीत मुलांपेक्षा जास्त मार्क पडू लागले. दरवर्षी ती तोच तक्ता नवीन नावं घालून उतरवत आली.

कोपरा काढून तिनं त्यांना लेखनिकाची जागा दिली होती. प्रत्येकीला एक, अगदी वाटून.

*

"तुमचं म्हणणं काय, मॅडम?" विभागप्रमुख वामनराव सर चष्मा कपाळावर चढवत म्हणाले. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, गुडघे दुखत होते. "मुलींचे मार्क मुलांपेक्षा जास्त आहेत. कोण्या मुलीची तक्रार आहे का?"

"नाही, सर."

"कोण्या पालकाची?"

"नाही."

"मग तुमचीच?"

"माझीच समजा."

सरांनी उसासा टाकला. "हे पहा, करायचं ते करा. पण पाच वाजेपर्यंत वह्या माझ्या टेबलावर. उद्या परीक्षकासमोर माझं हसं नको."

माधवी प्रयोगशाळेत परतली. पोटात काही नाही, पाय जड. मनात आलं, सह्या करून टाकाव्यात, देवीला रात्री क्षमा मागावी. देवी समजून घेते. पण मग वाटलं, एकोणीस वर्षं ती समजूनच घेत आली आहे.

तिनं प्रफुल, पुनम आणि रीनाला थांबवून घेतलं. प्रफुलच्या गटातला गुलाब धान भरायला घरी गेला होता. लोलकाच्या टेबलाभोवतीचे काळे पडदे ओढून देवरावभाऊंनी सोडियमचा दिवा लावला.

"पुनम करेल," माधवी म्हणाली. "प्रफुल लिहील."

"मी?" प्रफुलनं आपली बोटं समोर धरली, जणू ती कोणा दुसऱ्याची आहेत. माजरीच्या खाणीत कामाला असलेल्या बापाचा हा पोरगा, मोटारसायकल डोळे मिटून खोलायचा. "मॅडम, माहं अक्षर पाहून परीक्षक पळून जाईन."

"जाऊ दे."

"परीक्षेले एक दिवस राह्यला, मॅडम. आता कायले?"

रीना पडद्याला टेकून उभी होती. "करू दे नं बापा तिले," ती म्हणाली. "तिचे हात पेंड्या बांधाचे आहेत. लोलक फुटला तर दोन तुकडे दोघांले वाटून देऊ."

"फुटन खरंच," पुनम म्हणाली. तिनं हात मागं घेतला. "माहे हात खरबडे आहेत, मॅडम."

"खरबडीत हातातून काच सुटत नाही," माधवी म्हणाली. "धर."

पुनमनं लोलक धरला. चिमटीत, जसं चिमणीचं पिल्लू धरतात. तो ठेवायच्या चकतीखाली तीन स्क्रू, ती सपाट करायला तिला वीस मिनिटं लागली. वहीत ही एक ओळ होती, 'प्रथम चकती समतल करून घेतली.' प्रफुल दोनदा पुढं सरसावला, दोनदा माधवीनं त्याला नजरेनं मागं बसवलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "अवो, उलटा फिरवून राह्यली ते!"

"तिला दिसेल ते."

"कधी दिसन? साडेचारची शेवटची बस आहे तिची!"

"तू काऊन तळमळून राह्यला?" रीना म्हणाली. "आमी दीड वर्ष बसलो नं गुपचूप पाहत. तू एक तास बस."

प्रफुल पेनाचं टोपण उघडत-लावत बसला.

पुनमनं दुर्बिणीला डोळा लावला. काहीच दिसेना. अंधार. तिनं दुर्बीण सरकवली, पुन्हा अंधार. कानामागून घाम निघाला. एकदा तिनं डोळा काढून माधवीकडे पाहिलं. सांगून टाकावं, उजवीकडे सरकव म्हणून, असं माधवीच्या अगदी जिभेवर आलं. ती दोन पावलं मागं सरली. तिला ते सोपं गेलं नाही.

बऱ्याच वेळानं पुनमचा दुर्बिणीवरचा हात थांबला.

"पिवळी रेघ आहे," ती म्हणाली.

"आता चकती हळूहळू फिरव. रेघेच्या मागं मागं जा."

पुनम फिरवत राहिली. रेघ सरकत होती. वहीत तिनं हे किती वेळा लिहिलं होतं, 'प्रतिमा एका ठिकाणी थांबते व मागे वळते.' स्वतःच्या वहीत एकदा, दुसऱ्यांच्या वह्या उतरवून देताना चारदा.

"थांबली," ती पुटपुटली. "थांबली... अवो मॅडम, मी तर इकडेच फिरवून राह्यली, आन ते मागं चालली! आपसूक मागं चालली!"

"पाहू," म्हणत रीनानं तिला बाजूला सारलं, डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"किती?" प्रफुलनं पेन टेकवलं.

"थांब नं. पाहून राह्यली मी." पुनमनं भिंग घेऊन मापपट्टीवरच्या बारीक रेघा मोजल्या. पहिल्यांदा चुकली, पुन्हा मोजल्या. साडेचार वाजून गेले. बस गेली. शेवटी आकडेमोड झाली, उत्तर आलं एक पॉइंट एकोणपन्नास.

प्रफुलनं मान हलवली. "बावन्न पायजे. अडीच-तीन अंश सरकव, बसून जाईन."

"नाई."

"दरवेळी सरकवतोच नं आपन? तूच तर लिहितं!"

"तवा मी पाह्यलं नव्हतं," पुनम म्हणाली. "हे मी पाह्यलं."

प्रफुलनं लिहिलं, एक पॉइंट एकोणपन्नास. त्याचा चार नऊसारखा दिसत होता, नऊ सातासारखा. रीनानं वही उचलून उलटी-सुलटी धरली. "हे उत्तर आहे का ट्रकचा नंबर?" तशी तिघंही हसली. माधवीलाही हसू आलं, पण तोंड कोरडं होतं.

प्रफुलच पुनमला मोटारसायकलवर गावच्या फाट्यापर्यंत सोडायला गेला. रीना मध्ये बसली, गावात कोणी बोट दाखवू नये म्हणून.

*

पाच वाजत आले तेव्हा माधवी वह्यांपुढे एकटी होती. तिनं पुनमच्या प्रमाणपत्रावर 'दहा प्रयोग स्वतः केले आहेत' या ओळीवर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'दहा प्रयोग लिहिले. एक स्वतः केला.' सही केली. मग प्रफुलची वही घेतली. ती बाजारातून लिहून आणल्यासारखी स्वच्छ, पुनमच्याच अक्षरातली. तिथं लिहिलं, 'दहा प्रयोग केले. एक लिहिला.' बाकीच्या एकोणीस जणांना तिनं दुपारीच एकेक करून विचारलं होतं, जे सांगितलं ते त्यांच्या पानावर घातलं. स्वतःच्या सहीखाली एकवीस वेळा तारीख टाकली.

वामनराव सरांनी दोन वह्या उघडल्या. पहिली पानं दोनदा वाचली.

"मॅडम, हे वाचून उद्या परीक्षकानं विचारलं तर?"

"खरं सांगेन, सर."

"उद्या शुक्रवार आहे," सर म्हणाले. टोमणा मारायचा त्यांचा इरादा नव्हता, सहज तोंडून गेलं. पण माधवीला ते लागलं, आणि घरी जाईपर्यंत लागतच राहिलं. संध्याकाळी तिनं दिवा लावला, कहाणी वाचली, आलेल्या पाच जणींना हळदीकुंकू, केळं दिलं.

शुक्रवारी परीक्षक आले. चहा घेतला, गुळाच्या पोळ्या खाल्ल्या. वह्यांची पहिली पानं त्यांनी उघडलीच नाहीत. मधली पानं चाळली, "मुलींचं काम छान आहे," म्हणाले आणि दुपारच्या गाडीनं गेले. परीक्षेतही प्रत्येक टेबलावर एका मुलीनं लिहिलं, दोन मुलांनी केलं. इतक्या वर्षांचं एका दुपारी कुठं बदलतं? माधवी खिडकीशी उभी राहून पाहत होती. रागवायलासुद्धा अंगात बळ लागतं.

फक्त परीक्षक गेल्यावर तिनं भिंतीवरचा तक्ता काढला, घडी करून पर्समध्ये ठेवला. नवा करायचा होता. लिहिणारा हात दर आठवड्याला बदलेल असा. पुढच्या जुलैत आपण इथं असू की नाही हे माहीत नसताना.

*

शनिवारी कॉलेज अर्धं रिकामं होतं. देवरावभाऊ प्रयोगशाळा झाडत होते. दोन वाजता पुनम दारात आली. हातात मुख्य विषयाचा अर्ज.

"दिला नाहीस अजून?"

"दिला होता. कार्यालयातल्या बाबूनं वापस केला." तिनं कागद पुढं केला. नाव, गाव, बापाचं नाव निळ्या शाईत. विषयाच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहिलं होतं, भौतिकशास्त्र. "पेन्सिल चालत नाई म्हने."

"मग पेन्सिलीनं का लिहिलं?"

"तुमीच सांगता नं, निरीक्षन आंधी पेन्सिलीनं लिहा, दुसऱ्यांदा पाहून मंग पेनानं." तिनं ओढणीचं टोक पिळलं. "बाकीच्या साऱ्या जनींनी केमिस्ट्री लिहिलं. रीना पन. मले एकटीलेच बसा लागन इथी. म्हनून म्हटलं, एकदा आनखी पाहावं. चालन का?"

माधवीला घरी जायचं होतं. रात्रभर पाठ दुखली होती, धुण्याचा ढीग पडला होता. तिनं देवरावभाऊंकडे पाहिलं. देवरावभाऊंनी झाडू कोपऱ्याला टेकवला आणि न बोलता पडदे ओढले.

दिवा लावल्यावर आधी गुलाबी दिसतो, पिवळा व्हायला दहा मिनिटं जातात. तेवढा वेळ दोघी स्टुलांवर बसून राहिल्या. पुनमनं विचारलं, "तुमच्या वर्गात किती जनी होत्या?" माधवी म्हणाली, "चौघी." "मंग?" "मंग काय. तिघींनी सोडलं."

या वेळी चकती पाच मिनिटांत सपाट झाली. लिहायला कोणी नव्हतं, म्हणून माधवीनंच वही मांडीवर घेतली. पुनम आकडे सांगत गेली, मॅडम तक्त्यात भरत गेल्या. रेघ सरकली, थांबली, मागं वळली. ते पाहताना पुनम या वेळी ओरडली नाही. तिनं फक्त मान हलवली, ओळखीचं माणूस रस्त्यात दिसल्यावर हलवतात तशी.

"एक पॉइंट पन्नास," तिनं हिशेब केला. "बावन्न नाई आलं."

"नाही आलं."

"मशीन खराब आहे का मी?"

"शोधावं लागेल," माधवी म्हणाली. "मला माहीत नाही."

घड्याळात चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती, शेवटची बस आजही गेली होती. पुनमनं अर्ज टेबलावर पसरला, तळव्यानं सपाट केला. पिवळ्या उजेडात तिच्या बोटांवरच्या रेघा काळ्या दिसत होत्या.

"पेन द्या, मॅडम," ती म्हणाली.

माधवीनं मांडीवरच्या वहीतलं पेन काढून तिच्या हातात दिलं. पुनमनं पेन्सिलीची अक्षरं गिरवली, एकेक करत, घाई न करता. मग अर्ज घेऊन देवरावभाऊ कार्यालयाकडे निघाले. पाय दुखत होते, तरी थोडे भरभरच.